"कंदच खराब निघाले": वसंतातल्या फुलांच्या एका वाफ्याची पूर्ण केस

ही केस दोन वसंतांची आहे आणि सुरुवात एका फोनने झाली. वहिनींचा आवाज एकदम चढलेला, "भाऊजी, दीडशे कंद लावले होते आम्ही, कंबर मोडली लावताना, आणि आता बघितलं तर निम्मी पण फुलं नाहीत, कंदच खराब निघाले, दुकानदाराने फसवलं." मागून दादाचा आवाज, "मी म्हटलंच होतं यंदा थंडी कमी पडली." मी म्हटलं काही उपटू नका, काही फेकू नका, मी येतो. मला बागेतल्या भानगडी सोडवायची हौस आहे, आणि खरं सांगायचं तर दीडशेच्या दीडशे कंद खराब निघणं हे मला पटतच नव्हतं.

वहिनींची एक सवय या सगळ्या प्रकरणात कामाला आली, ती म्हणजे त्या वहीत लिहून ठेवतात. कुठली पिशवी कधी आली, कुठे लावली, किती खोल, पाऊस कधी झाला, सगळं. वही नसती तर मीपण दुकानदारालाच दोन शिव्या घालून चहा पिऊन परत आलो असतो.

वाफा साधारण सहा मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, आणि त्याला थोडा उतार आहे. वरच्या टोकाला माती भुसभुशीत, खालच्या टोकाला चिकट, आणि त्या खालच्या टोकाजवळच छपराच्या पाण्याचा पाइप येऊन सुटतो. हे लक्षात ठेवा. लावलं काय होतं तर 60 ट्युलिप (एकाच लाल जातीच्या तीस तीसच्या दोन पिशव्या), 30 डॅफोडिल, 20 हायसिंथ आणि 40 क्रोकस. डॅफोडिल मागच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, क्रोकस पुढच्या कडेला तसेच. ट्युलिपची पहिली पिशवी अर्धी वरच्या टोकाला आणि अर्धी खालच्या टोकाला, हायसिंथ पण तसेच दहा वर दहा खाली. मधला भाग तेव्हा खणायचा राहिला होता, एका जुन्या झुडपाची मुळं निघत नव्हती, मग पाऊस लागला, मग दादाला सुट्टी नाही, असं करत दुसरी पिशवी पाच आठवडे घरात राहिली आणि नंतर मध्ये लागली.

मी पहिल्यांदा काय केलं तर वही घेऊन वाफ्याच्या कडेने मोजत गेलो. वरच्या टोकाच्या पंधरा ट्युलिपपैकी चौदा मस्त फुललेले, लाल भडक, दांडे सरळ. खालच्या पंधरापैकी फक्त तीन वर आलेले, तेही पिवळट, फूल नाही. मधल्या तीसपैकी अठ्ठावीसला पानं चांगली, कळ्या पण दिसतात, पण उमललेल्या फक्त दोन, बाकीच्या कळ्या कागदासारख्या वाळलेल्या. हायसिंथ वरचे दहाच्या दहा फुललेले, खालचे दोन कसेबसे. डॅफोडिल तीसपैकी पंचवीस फुलले, जे पाच नाही फुलले ते सगळे पाइपच्या बाजूचे. आणि क्रोकस चाळीसपैकी नऊ. नऊ!

आता हे आकडे नुसते वाचले तरी "कंदच खराब" ही गोष्ट तिथेच संपते, कारण ट्युलिपची पहिली पिशवी एकच, त्याच दिवशी लावलेली, तरी वर चौदा आणि खाली शून्य. पिशवीतल्या कंदांना कसं कळणार आपण कुठल्या टोकाला जाणार आहोत ते. पाकिटावर घेर 12 सेंटीमीटर लिहिलेला होता, म्हणजे ट्युलिपसाठी चांगला साइज. कंदाचा घेर बघून घ्यावा हे लोकांना माहीत नसतं, बारीक कंद स्वस्त पडतो म्हणून घेतात आणि मग पहिल्या वर्षी एक रुंद पान येतं आणि बस. इथे तो प्रश्न नव्हता. मी दादाला म्हटलं, तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, आणि इथे चोर पण एक नाहीये, निदान तीन आहेत.

वाफा एक म्हणून कारण पण एकच असणार असं डोक्यात बसलं की माणूस शोधतच नाही. दादाचं "थंडी कमी पडली" बघा. थंडी कमी पडली तर ट्युलिपचं काय होतं तर दांडा वाढत नाही, फूल पानांच्या बेचक्यातच, जमिनीला टेकून उघडतं, बुटकं आणि केविलवाणं. ट्युलिपला साधारण 12 ते 16 आठवडे गारवा लागतो, 9 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, तेव्हा दांडा लांब व्हायची तयारी आत होते. आता इथे वरचे चौदा सरळ उभे आहेत, त्यांना मिळालेली थंडी आणि दोन मीटरवरच्यांना मिळालेली थंडी वेगळी कशी असेल. दादा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला बरं मग खणू या.

खालचं टोक

खुरपं घातलं तर पहिला वास आला. कुजका, आंबूस. ज्या जागी ट्युलिप असायला हवा तिथे राखाडी लगदा, वरचं तपकिरी सालपट तेवढं शाबूत, आत काही नाही. आणि त्याच्याखाली खडी. मी विचारलं ही खडी कसली, तर दादा अभिमानाने म्हणाला, "मला माहीत होतं इथे पाणी साचतं, म्हणून प्रत्येक खड्ड्यात तळाला चार बोटं खडी टाकली, निचऱ्यासाठी." आणि ती खडी पाण्यात बुडालेली होती, वर आठवडाभर पाऊस नसताना.

खड्ड्यात खडी टाकायचा सल्ला इतका पसरलाय की कोणी तपासतच नाही. तो का चुकतो ते सांगतो. बारीक कणांची माती पाण्याला धरून ठेवते, स्पंजसारखी, आणि खाली एकदम मोठ्या पोकळ्यांची खडी आली की वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. म्हणजे कंदाच्या बुडाशीच सगळ्यात ओला थर तयार होतो. आणि बाजूला चिकणमाती असेल तर खडीत उतरलेलं पाणी तरी कुठे जाणार, तो खड्डा म्हणजे तळाला भोक नसलेली कुंडी झाली. कंदाला हिवाळाभर श्वास घ्यायला हवा लागते, लावल्यावर काही आठवड्यांत बुडाच्या चकतीतून मुळं सुटतात, आणि ट्युलिप हायसिंथची मुळं अशी असतात की एकदा मेली की त्या मुळांना परत फुटवे येत नाहीत. त्या हंगामासाठी जी आली ती आली. मी जे तीन पिवळट रोप उकरले त्यांना मुळं होती पण टोकं सगळी काळी पडलेली, कंद स्वतःच्या साठ्यावर जेवढं ढकलता येईल तेवढं वर ढकलत होता.

मग आम्ही एक साधी टेस्ट केली, जी खरं तर लावायच्या आधी करायची असते. फूटभर खोल खड्डा, पाण्याने भरला, मुरू दिला, परत भरला आणि पट्टी लावून ठेवली. चांगल्या जमिनीत तासाला दोन अडीच सेंटीमीटर तरी पाणी उतरायला पाहिजे. वरच्या टोकाला त्याहून जास्त उतरलं. खालच्या टोकाला रात्रभरात दोन बोटं. दोन बोटं, रात्रभरात! दादाने पट्टीकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, आणि पहिल्यांदा दुकानदाराचं नाव घेतलं नाही.

डॅफोडिल मात्र त्याच चिखलाच्या कडेला बऱ्यापैकी तगले. ते ओल जास्त सोसतात, शिवाय मागची ओळ थोडी उंचावर होती. पाच फुलले नाहीत पण मेले पण नाहीत, पानं होती.

मधला भाग, जिथे मला मजा आली

मधले ट्युलिप हे खरं कोडं. पानं तजेलदार, कंद उकरला तर घट्ट, मुळं पांढरी आणि भरपूर, माती चांगली, पाणी मुरतंय. आणि कळी वाळकी. एक कळी नखाने उघडली तर आत पाकळ्या आहेत, पुंकेसर आहेत, पण सगळं चुरगळलेलं आणि तपकिरी. म्हणजे फूल तयार झालं होतं आणि नंतर कधीतरी मेलं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, मला ती समजल्यापासून कंद हातात घ्यायची पद्धतच बदलली. आपण पानगळीच्या दिवसात जो ट्युलिपचा कंद विकत आणतो त्याच्यात फूल आधीच बनलेलं असतं. उन्हाळ्यात कंद जमिनीतून काढून कोरडा, उबेला ठेवलेला असतो तेव्हा आत कळी तयार होते, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर सगळं. पुढच्या वर्षी मी वहिनींसमोर एक नवा कंद कांद्यासारखा उभा चिरला आणि भिंग दिलं हातात, तर त्या बघतच राहिल्या, "अहो हे तर अख्खं फूल आहे." अख्खं फूलच असतं. म्हणून पहिल्या वर्षीचं फूल हे आपल्या खताचं कौतुक नसतं, ते फूल शेतकऱ्याने दिलेलं असतं आणि आपल्याकडे फक्त ते सांभाळायची जबाबदारी असते. दुसऱ्या वर्षीचं फूल, ते आपलं.

तर मग मधल्या फुलांचं कोणी काय बिघडवलं. उशिरा लावले म्हणून? नाही. जमीन दगडासारखी गोठली नसेल आणि पुढे गारवा पुरेसा मिळणार असेल तर ट्युलिप उशिरा लावलेले चालतात, उलट बरेच माळी मुद्दाम थंडी पडल्यावर लावतात, कारण ट्युलिपला एक बुरशी लागते, पानं भाजल्यासारखी करते, तिचा जोर गार जमिनीत कमी असतो. पाणी कमी पडलं? कळी वाढताना माती कोरडी पडली तर कळ्या वाळतात हे खरं, पण मग शेजारचे पहिल्या पिशवीचे पण वाळले असते, त्यांना पाणी तेवढंच होतं. मग मी वही परत उघडली. "दुसरी पिशवी, फ्रिजमध्ये ठेवली."

फ्रिजमध्ये कुठे वहिनी?

"खालच्या ड्रॉवरमध्ये, फळं ठेवतो तिथे. थंडी लागते ना ट्युलिपला म्हणून ठेवली."

कल्पना अजिबात चुकीची नव्हती. जिथे हिवाळा पुरेसा गार नसतो तिथे लोक ट्युलिप असेच फ्रिजमध्ये 12 ते 16 आठवडे ठेवून मग लावतात, तोच मार्ग आहे. अडचण फ्रिजची नाही, सोबतीची आहे. सफरचंद, नासपती, केळी अशी फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात, वास येत नाही, दिसत नाही, आणि बंद ड्रॉवरमध्ये साचून राहतो. त्याच वायूने कच्ची फळं पिकतात आणि त्याच वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते. वरून कंद एकदम टणक, सुंदर. लावा, पाणी घाला, पानं येतील, कळी पण वर येईल, आणि वाळेल. तीन चार महिन्यांपूर्वी केलेल्या चुकीचा निकाल असा वसंतात लागतो, आणि तोपर्यंत फळं कोणाच्या लक्षात असणार.

वहिनींना अजून एक आठवलं, त्या पिशवीत एक कंद पांढऱ्या बुरशीचा, आंबट वासाचा निघाला होता, लावताना फेकून दिला. हा दुसरा संशयित, आणि तगडा. ट्युलिपला फ्युसेरियम नावाची बुरशी लागते, बुडापासून कंद मऊ करते, आणि असा सडका कंद स्वतःच भरपूर इथिलीन सोडतो. म्हणजे पिशवीत एक नासका कंद पाच आठवडे राहिला तर फळांची गरजच नाही. लावताना फेकला हे बरोबर, पण आणल्या दिवशी पिशवी उघडून चाचपून फेकायला हवा होता. फळं की नासका कंद, कोणी केलं? त्या वर्षी सांगता येण्यासारखं नव्हतं कारण दोघांचं हत्यार एकच. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही छोटा प्रयोग केला, त्याचं खाली सांगतो.

क्रोकस

यात फार डोकं लावायला लागलं नाही. पुढच्या कडेला छोटे छोटे खळगे, निमुळते, आणि बाजूला क्रोकसची जाळीदार सालपटं विखुरलेली. खारींनी मेजवानी झोडली होती. वहीत खोली लिहिली होती "दोन बोटं", म्हणजे फार तर चार सेंटीमीटर. क्रोकस 7 ते 10 सेंटीमीटर खोल हवा. वर ताजी उकरलेली माती म्हणजे खारीला निमंत्रणच, आणि त्यात वहिनींनी हाडांचा चुरा घातला होता खत म्हणून, त्याच्या वासाने कुत्री आणि उंदीर पण उकरायला येतात. डॅफोडिलला मात्र कोणी तोंड लावलं नव्हतं, त्याच मातीत, हातभर अंतरावर. डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं, प्राण्यांना ते माहीत असतं असं दिसतं (माणसांना नसतं, कांदा समजून कापून खाल्ल्याने लोक आजारी पडलेत, म्हणून कंद स्वयंपाकघरात ठेवू नका, फळांच्या ड्रॉवरचं तर झालंच सांगून).

हो आणि हातमोजे. हायसिंथचे कंद हाताळले की खाज सुटते, त्याच्या सालात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. दादाने दुसऱ्या वर्षी न घालता वीस लावले आणि रात्रभर हात खाजवत बसला.

मग काय बदललं

पाइप वळवला, हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात महत्त्वाचं. खालच्या टोकाची खडी काढून टाकली, पूर्ण भाग मोकळा खणून त्यात कंपोस्ट मिसळलं आणि वाफा वीतभर उंच केला. एकेका खड्ड्याला सुधारत बसण्यात अर्थ नसतो, जागाच उंच केली की पाण्याला खाली जायला वाट मिळते. तरी अगदी टोकाचा मीटरभर भाग ओलाच राहिला, त्याचं शेवटी बघू.

खोलीचं आम्ही बोटांवरून पट्टीवर आलो. ढोबळ हिशोब असा की कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट माती त्याच्या डोक्यावर हवी. ट्युलिपला खड्डा 15 ते 20 सेंटीमीटर, डॅफोडिल आणि हायसिंथला 15 च्या आसपास, क्रोकसला वर सांगितलं ते. टोक वर, चपटं बूड खाली, आणि बुडाखाली पोकळी राहता कामा नये, नाहीतर मुळं हवेत. आणि कोणता भाग वर ते कळलंच नाही तर आडवा ठेवा, कोंब आपला रस्ता शोधतो. पुतण्याने एक डॅफोडिल पूर्ण उलटा लावला होता, आम्हाला वसंतानंतर उकरताना कळलं, वळसा घेऊन आला होता वर आणि फुलला पण होता. लावून झाल्यावर एकदा नीट पाणी, कारण मुळं तेव्हाच सुटायला लागतात, आणि मग हिवाळ्यात कोरडं ऊन पडलं नाही तर विसरून जा.

क्रोकसवर कोंबडीजाळी आडवी अंथरली, साधारण इंचाच्या भोकांची, वर माती. पानं त्यातून आरामात येतात, खारीचा हात जात नाही. हाडांचा चुरा बंद.

आणि प्रयोग. दहा ट्युलिप, सगळे चाचपून बघितलेले, निरोगी. पाच कागदी पिशवीत फळांच्या ड्रॉवरमध्ये, पाच दुसऱ्या छोट्या फ्रिजमध्ये जिथे नुसत्या पाण्याच्या बाटल्या असतात. पाच आठवडे, मग दोन कुंड्यांत, शेजारी शेजारी, त्याच मातीत. फळांसोबतचे पाच, त्यातल्या चारांच्या कळ्या वाळल्या आणि एक अर्धवट उघडला, पाकळ्यांच्या कडा हिरव्या. दुसरे पाचही फुलले. दहा कंदांचा प्रयोग म्हणजे काही शास्त्र नाही पण फळांवरचा संशय आमच्यापुरता मिटला, आणि वहिनींनी ड्रॉवरवर चिठ्ठी लावली, "इथे कंद ठेवू नये."

दुसऱ्या वसंतात एक नवीनच प्रश्न

नवीन लावलेलं सगळं छान आलं, क्रोकस चाळीसपैकी सदतीस, खालचे हायसिंथ फुलले. पण वहिनींचा परत फोन. पहिल्या वर्षी जे वरचे चौदा ट्युलिप इतके सुंदर फुलले होते, ते जमिनीतच ठेवले होते, त्यातले फक्त पाच फुलले आणि बाकी ठिकाणी एकेक रुंद पान. "आता याला काय झालं, याला तर फ्रिज नाही पाणी नाही खार नाही."

याला झालं ते ट्युलिपच्या स्वभावामुळे झालं. ट्युलिपचा कंद दर वर्षी संपतो. आपण लावलेला मूळ कंद फुलून झाल्यावर रिकामा होतो आणि त्याच्या कुशीत नवीन कंद तयार होतात, एखादा मोठा, बाकी बारीक. त्यातला मोठा पुरेसा मोठा झाला तर पुढच्या वर्षी फूल, नाहीतर एक पान. डॅफोडिलचा कंद असा संपत नाही, तो टिकतो आणि बाजूला पिल्लं देत वाढतो, म्हणून ते वर्षानुवर्षं येत राहतात. मग ट्युलिपचे नवीन कंद मोठे का झाले नाहीत? दादाने, वहिनी माहेरी गेल्या असताना, फुलं संपल्यावर पंधरा दिवसांत सगळी पानं कापली होती, "बरं दिसत नव्हतं म्हणून". वहीत नव्हतं हे, कबूल करायला वेळ लागला. फूल गेल्यावर पान हेच कंदाचं स्वयंपाकघर, निदान सहा आठवडे, आपोआप पिवळं पडेपर्यंत ठेवायला लागतं, गाठी मारून वेण्या घालून पण नाही, कारण उन्हाला पान दिसलं पाहिजे. सुकलेलं फूल मात्र लगेच खुडायचं, बी धरण्यात ताकद जाते.

आणि दुसरं म्हणजे त्याच जागेवर वहिनींनी उन्हाळी फुलं लावली आणि रोज पाणी दिलं. ट्युलिपचं मूळ घर मध्य आशियातले डोंगर, तिएनशानच्या बाजूचे, कडक हिवाळा आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. जमिनीतला कंद उन्हाळ्यात भाजून निघायची वाट बघत असतो आणि आपण त्याला रोज आंघोळ घालतो. ज्यांना उन्हाळ्यात त्या जागी पाणी द्यायचंच आहे त्यांनी पानं पिवळी पडली की कंद उकरून, वाळवून, जाळीच्या पिशवीत 20 अंशांच्या आसपास हवेशीर ठेवावेत, तिथेच पुढची कळी बनते. डॅफोडिलची पुढची कळी त्याआधीच, पानं अजून हिरवी असतानाच जमिनीत बनायला लागते, म्हणून त्याची पानं लवकर कापणं डबल नुकसान. जातीचा पण फरक पडतो. दुहेरी पाकळ्यांचे, झालरीच्या कडांचे ट्युलिप बहुतेक एकाच वर्षाचे पाहुणे समजा, डार्विन हायब्रिड गटातले जास्त वर्षं येतात, आणि रानटी छोट्या जाती, टार्डा, क्लुसियाना वगैरे, त्या तर एकदा रुळल्या की पसरतात पण. दादाला मी म्हटलं, तुला दर वर्षी कापायचंच असेल तर दर वर्षी नवीन कंद आण, त्यात लाज काही नाही, मोठमोठ्या बागांत तेच करतात.

आता ते ओलं टोक. तिथे आम्ही ट्युलिपचा हट्ट सोडला. काही कंदांना ओल आवडते हे लोकांना खोटं वाटतं पण कमासिया निळ्या तुऱ्यांचा येतो तो ओल्या कुरणातलाच, आणि फ्रिटिलारिया मेलिअॅग्रिस, चौकटीचौकटीची खाली मान घातलेली घंटा, ती पण ओलसर गवतातच सुखात असते. फ्रिटिलारियाचे कंद बारीक आणि नाजूक, उघड्यावर पटकन सुकतात, म्हणून आणल्याबरोबर लावायचे. तीस फ्रिटिलारिया आणि दहा कमासिया लागलेत. वहीत खोली पट्टीने मोजून लिहिली आहे, आणि समोर दादाच्या अक्षरात, "पानांना हात लावायचा नाही." खाली सही घेतली आहे वहिनींनी.